फेवर-लुबा ही घड्याळाची कंपनी १७३७ पासून आजपर्यंत एकाच घराण्याकडे आहे का?

नाही, घराण्याकडे ती साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, आठ पिढ्या होती आणि आज तिची मालकी भारतीय आहे. १७३७ हे साल स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या कागदपत्रात आब्राहाम फेवर यांची घड्याळजी म्हणून नोंद सापडते त्याचं. लुबा हे आडनाव बरंच नंतर, १८१५ मध्ये जोडलं गेलं. म्हणजे ‘१७३७’ हे साल खरं, पण कंपनीचं नाव तेवढं जुनं नाही. १८६५ पासून मुंबईत त्यांचा व्यापार होता, म्हणून आपल्याकडे घरोघरी सी चीफ, सी किंग ही चावीची घड्याळं निघतात. १९६२चं बिव्हुआक तर मनगटावर उंची आणि हवेचा दाब दाखवायचं, कंपनीचं सगळ्यात डोकेबाज काम तेच. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांच्या लाटेत घराण्याला ती विकावी लागली. मालक बदलत गेले, २०११ मध्ये टायटनने घेतली, २०२३ मध्ये ती इथॉस या घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीच्या उपकंपनीकडे गेली.

एक सावधगिरी: जुनं घड्याळ घेणार असाल तर या इतिहासावर भाळू नका. बाजारातल्या बऱ्याच सी चीफ-सी किंगचे डायल पुन्हा रंगवलेले असतात.

- भिंगातून पाहा: अक्षरं जाड, फुगीर किंवा मिनिटांच्या रेघा वाकड्या असतील तर डायल मूळचा नाही.
- मागचं झाकण उघडून घ्या. मशीनवर कंपनीचं नाव किंवा ‘एफएल’ची खूण नसेल तर मशीन बदललेलं असू शकतं.