हसवतं ते 'फनी', हसं होतं ते 'रिडिक्युलस'

तुम्ही विचारलंय की कोशात 'रिडिक्युलस'चा अर्थ 'हसण्यासारखा' असा दिला आहे, तर मित्राच्या विनोदाला 'व्हेरी रिडिक्युलस जोक' म्हटलं तर चालेल का, आणि 'लुडिक्रस', 'लाफेबल' हेही त्याच अर्थाचे शब्द का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. विनोद आवडला असेल तर मुळीच म्हणू नका. मित्र दुखावेल आणि का दुखावला हे तुम्हाला कळणारही नाही. माझ्या हातून हे घडलं त्याला वीस वर्षं होत आली, तरी तो शब्द कुठे दिसला की अजून पोटात खड्डा पडतो.

माझी पहिलीच नोकरी होती. आमच्या विभागाचे साहेब निवृत्त होत होते. कामात कडक, पण जेवणाच्या सुट्टीत गोष्ट सांगायला लागले की आम्ही घास हातात धरून ऐकत राहायचो. गोष्टी सगळ्या त्यांच्या स्वतःच्या फजितीच्या. तरुणपणी एकदा ते चुकून भलत्याच समारंभात शिरले, पाहुणे समजून लोकांनी पहिल्या रांगेत बसवलं, आणि शेवटी आभार मानायला कुणी उठेना म्हणून यांनीच उठून आभार मानले. ही गोष्ट मी निदान पाच वेळा ऐकली असेल आणि पाचही वेळा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले असेन. घाबरलेल्या नवख्या मुलीला त्या हसण्याचा केवढा आधार असतो, ते मला माहीत आहे.

निरोपाच्या कार्डावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. विभागात निम्मे लोक इतर भाषांचे, म्हणून तो इंग्रजीत हवा होता. साहेबांच्या गोष्टींचा उल्लेख करायचाच, हे मी ठरवलं होतं. 'फनी' हा शब्द सुचला, पण तो मला पोरकट वाटला. एवढ्या मोठ्या माणसाला शोभेल असा भारदस्त शब्द हवा, म्हणून मी खिशात मावणारा मराठी-इंग्रजी कोश उघडला. 'हसू आणणारा' याच्यापुढे तीन शब्द होते: कॉमिकल, लुडिक्रस, रिडिक्युलस. पुढे ना वाक्य, ना कुठला खुलासा. मी सर्वांत लांब शब्द उचलला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वुई विल ऑलवेज रिमेंबर युवर रिडिक्युलस स्टोरीज.'

समारंभात साहेबांनी ते कार्ड उभं राहून मोठ्याने वाचायला घेतलं. त्या शब्दापाशी थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि वाक्य पहिल्यापासून वाचलं, तो शब्द गाळून. 'युवर स्टोरीज.' मग कार्ड खिशात ठेवलं. उत्तराच्या भाषणात ते एक तरी गोष्ट सांगतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी दोन मिनिटांत सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. मला वाटलं, गहिवरले असतील.

आठ महिन्यांनी एका बैठकीत नव्या वरिष्ठांनी माझा अहवाल टेबलावर आपटला आणि म्हणाले, 'धिस इज रिडिक्युलस!' खोलीत एकही माणूस हसला नाही. मी जागच्या जागी गार पडले, पण अहवालामुळे नव्हे. त्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मोठा इंग्रजी-इंग्रजी कोश काढला. टवाळीला पात्र, शहाण्या माणसाने गांभीर्याने घेऊ नये असं, अशा अर्थाची व्याख्या होती, आणि खालच्या वाक्यांत एकाही ठिकाणी कुणी आनंदाने हसत नव्हतं.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, 'एवढं काय त्यात? भावना पोचल्या ना! साहेब समजून घेतील.' मला ते पटलं नाही. मी साहेबांच्या घरी गेले आणि कोशासकट सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्या गोष्टींना हसत होतात की मला, हेच मला त्या दिवसापासून कळेना झालं होतं.' थोड्या वेळाने विचारलं, 'मग साधं फनी का नाही लिहिलंस?' म्हटलं, शब्द लहान वाटला. ते म्हणाले, 'मला तेवढा पुरला असता गं.'

तर फरक इथे आहे, आणि तो मराठीत आपल्याला उपजत कळतो. हसवणं वेगळं आणि हसं होणं वेगळं. फनी माणूस आपल्याला हसवतो. रिडिक्युलस माणसाचं हसं होतं. मराठीत नेमका शब्द आहे 'हास्यास्पद'. आस्पद म्हणजे स्थान. संशयास्पद म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यावा असं, तसं हास्यास्पद म्हणजे ज्याला हसावं असं. माझ्या त्या कोशात 'हसू आणणारा'ऐवजी 'हास्यास्पद' हा शब्द पुढे असता तर माझा हात तिथेच थांबला असता. 'साहेब, तुमच्या हास्यास्पद गोष्टी आठवतील' असं कुठला मराठी माणूस लिहील? म्हणून माझं ठाम मत: एका शब्दापुढे तीन शब्द ठेवून मोकळे होणारे कोश वापरूच नयेत. वापरात असलेली चार वाक्यं दाखवत नाही तो कोश अर्थ सांगत नाही.

शब्दाचं कूळ लॅटिन आहे. 'रिडेरे' म्हणजे हसणं. त्यावरूनच डिरिजन (टवाळी), रिडिक्युल (खिल्ली) आणि रिझिबल हे शब्द आले. ताईने पुढे कुठूनतरी शोधून काढलं की लॅटिनमध्ये हाच शब्द विदूषकालाही लावत आणि 'गमतीदार' असा चांगला अर्थही त्याला होता. 'बघ, तू बरोबरच होतीस!' तिचं म्हणणं खरं आहे, पण सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे आणि आज त्याचा जो अर्थ लागतो तोच साहेबांना लागला. लुडिक्रसचीही तीच गत. 'लुडुस' म्हणजे खेळ. सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता खेळकर, आणि आज तो रिडिक्युलसपेक्षाही एक पायरी पुढे गेलेला, अगदीच अचाट वाटेल अशा गोष्टींसाठी वापरतात. रिझिबल म्हणजे आधी 'ज्याला हसता येतं असा', म्हणजे माणूस. आता 'ज्याला हसावं असा'. आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यातलं उपहसित आणि आपला 'उपहास' एकाच घरचे. हसण्याचे शब्द टवाळीकडे घसरतात, हे मला त्या कार्डानंतर शोधता शोधता लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

लाफेबल दिसायला 'हसण्याजोगा' दिसतो, पण आज तोही बहुधा तुच्छतेने वापरतात: एखादी सबब, एखादा दावा, एखादा तोकडा प्रयत्न. ॲब्सर्ड हसण्यातला नाहीच, तो तर्काला सोडून असलेल्या गोष्टीचा शब्द. मुळात लॅटिनमध्ये बेसूर. प्रिपोस्टरसही तसाच, मुळात मागचं पुढे आणि पुढचं मागे, आपला 'उफराटा' त्याला अगदी चपखल बसतो.

वापराचं म्हणाल तर बोलण्यात रिडिक्युलस येतो तेव्हा बहुतेक वेळा कुणी हसतच नसतं. 'डोन्ट बी रिडिक्युलस' म्हणजे 'काहीतरीच काय!' 'धिस इज रिडिक्युलस' म्हणजे 'हा काय प्रकार आहे?' किंवा 'आता अति झालं.' 'यू लुक रिडिक्युलस' म्हणजे 'काय ध्यान दिसतंय!' रिडिक्युलस किंमत म्हणजे अवाच्या सवा किंमत, क्वचित इतकी कमी की विश्वास बसू नये. यातल्या कुठल्याही ठिकाणी 'हास्यास्पद' घालून बघा, भाषांतर केल्यासारखं लागेल. 'काहीतरीच' हा साधा शब्द त्याच्या किती जवळचा आहे! आणि 'व्हेरी' लावू नका, शब्द मुळातच टोकाचा आहे. लावायचंच तर 'ॲब्सोल्यूटली' लावतात. स्पेलिंगमध्ये 'आर'नंतर 'आय' येतो, 'ई' नव्हे. उच्चारात जोर 'डिक्'वर.

एक गोष्ट मघाशी सांगायला हवी होती. जवळच्या मित्राला लाडाने 'यू आर रिडिक्युलस' म्हणतात, आणि 'रिडिक्युलसली गुड' ही तर भरघोस स्तुती, 'वाट्टेल तितकं चांगलं'. म्हणजे शब्द प्रत्येक वेळी बोचतोच असं नाही. पण हे समोरासमोर, आवाज आणि चेहरा सोबत असताना. कागदावर ना आवाज असतो ना चेहरा, त्यामुळे लिहिताना ही सवलत घेऊ नका. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाबाबत तर कधीच नको.

तुमच्या मित्राला 'दॅट वॉज अ रिअली फनी जोक' म्हणा. फारच हसला असाल तर 'हिलेरियस' म्हणा, त्याचं मूळ 'आनंदी' या अर्थाच्या शब्दात आहे. शब्द लहान वाटतो म्हणून टाळू नका, आणि 'भावना पोचल्या की झालं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भावना माझ्यापाशीच राहिल्या होत्या, साहेबांच्या खिशात गेला तो शब्द. ताई, तू हे वाचशीलच. साहेब समजून घेतील असं तू म्हणाली होतीस, आणि त्यांनी घेतलंही. पण मी जाऊन सांगितलं तेव्हा. तोवर आठ महिने त्या माणसाने घरात एकही गोष्ट सांगितली नव्हती, हे मला काकूंनी दारापर्यंत सोडायला आल्यावर सांगितलं. तुला मी हे आजवर सांगितलं नव्हतं.