साडेदहाचा फोन

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. नागपुरात लक्ष्मीनगरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक ताई आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट होता. वीस वर्षांची मुलगी, मागे पांढरी भिंत, डोळ्यांखाली काळं.

“बघा मॅडम, कशी सुकून चालली. धड जेवून नाही राहिली, धड बोलून नाही राहिली. काय झालं विचारलं की म्हणते, काही नाही. परत बोलावून घेऊ का?”

हा प्रश्न माझ्याकडे दर हिवाळ्यात येतो. पूर्वी तो पुण्याला पाठवलेल्या पोरांबद्दल यायचा, आता जर्मनी-आयर्लंडबद्दल येतो. मुलीला आपण ऋचा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मायलेकींना विचारूनच लिहिते आहे. ऋचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या करारातून एका सेमिस्टरसाठी पूर्व जर्मनीतल्या एका शहरात गेलेली. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक पाहिली आणि सप्टेंबरच्या शेवटी विमानात बसली. एकुलती एक. वडिलांचं इतवारीत दुकान.

मी ऋचाशी व्हिडिओवर बोलले. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारते मी: झोप लागते का, दिवसातून किती वेळा खातेस, वर्गाला जातेस का, आणि जीव नकोसा होतो का. हा शेवटचा प्रश्न ऐकून आईवडील दचकतात. पण तो सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही; असलेला असेल तर बाहेर येतो. ऋचा झोपत होती, वर्ग चुकवत नव्हती, मरणाचा विचार नव्हता. उत्तरं वेगळी आली असती, तर त्याच दिवशी तिला तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशकाकडे जायला लावलं असतं. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी ही सोय बहुतेक ठिकाणी मोफत असते. तो पत्ता तिच्याजवळ असू दे म्हणून मी तिला शोधून ठेवायला सांगितलाच.

मग मी चूक केली. म्हटलं, “खोलीत बसून राहू नकोस. कॉमन किचनमध्ये जाऊन बस, ओळखी होतील.” ती गप्प झाली. दोन मिनिटांनी म्हणाली, “मॅडम, नेटवर्क जाऊन राहिलं,” आणि कॉल संपला. नेटवर्क व्यवस्थित होतं. मीच नको तिथे बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी ताईंना बाहेर बसवलं. खूप वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ऋचाने किचनची गोष्ट सांगितली.

हॉस्टेलच्या त्या मजल्यावर पाच जणांत एक स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात तिने वरणाला फोडणी दिली. तेल जास्त तापलं, लाल मिरच्या करपल्या, ठसका बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला आणि तिथला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. चौघं दारात आले. त्यातली एक जर्मन मुलगी काही न बोलता आत आली, खिडकी सताड उघडली आणि काही न बोलताच निघून गेली. त्या दिवसापासून ऋचा किचनमध्ये फक्त रात्री उशिरा, कुणी नसताना जायची. खोलीत ब्रेड, केळी आणि केटलमध्ये भिजवलेली मॅगी. आईला सांगितलं नाही, कारण आईनेच बॅगेत दोन किलो मसाला, सांडगे आणि लोणचं भरून दिलं होतं.

“त्यांना माझ्या जेवणाचा वास आवडत नाही,” ती म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण दिसतं ना.”

आणि मग दुसरी गोष्ट. एका सेमिनारमध्ये तिचं प्रेझेंटेशन झालं. तिने शेवटची स्लाइड दाखवली आणि अख्खा वर्ग बोटांच्या सांध्यांनी टेबलं ठोकायला लागला. तिला रडू फुटायचं बाकी होतं. आपल्या कॉलेजात शेवटच्या बाकावरची पोट्टी बाकं केव्हा वाजवतात, हे नागपुरात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. ती मान खाली घालून जागेवर जाऊन बसली.

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. जर्मन विद्यापीठांत टेबल ठोकणं म्हणजे टाळ्या. तास संपला की प्राध्यापकांसाठीही ठोकतात. ऋचा स्क्रीनवर नुसती बघत राहिली. म्हणाली, “म्हणजे त्यांना आवडलं होतं?”

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दि जानेरोत ‘कल्चर शॉक’वर एक भाषण दिलं होतं. त्याचं म्हणणं साधं आहे. आपल्या गावात हजार बारीक खुणांवरून आपल्याला कळत असतं, कोण रागावलंय, कोण चेष्टा करतंय, कुठे थांबायचं. परक्या ठिकाणी त्या सगळ्या खुणा एका झटक्यात जातात आणि माणूस घाबरा होतो. ऋचाचं नेमकं तेच झालं होतं. चौघांची शांतता तिने नागपुरी डोळ्यांनी वाचली. आपल्याकडे शेजारीण काही न बोलता खिडकी उघडून गेली, तर तो अपमानच असतो.

वडिलांनी मात्र इंटरनेटवर दुसरंच वाचलं होतं. फोनवर मला म्हणाले, “आधी मजा वाटते, मग उदास वाटतं, मग आपोआप ठीक होतं म्हणे. वाट पाहू का?” तो ‘यू’ आकाराचा आलेख स्वेरे लिसगार यांच्या १९५५ च्या अभ्यासातला. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांवर केलेला. त्यात अवघड काळ सहा ते अठरा महिन्यांचा निघाला होता. म्हणजे आलेख खरा धरला, तर सेमिस्टरवाली मुलं उदास व्हायच्या आतच घरी परतायची! पुढे १९९८ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. माझ्या खोलीतला अनुभवही तसाच आहे. चार-पाच महिन्यांसाठी गेलेल्या पोरीने आलेखाची वाट बघत बसू नये.

मी ऋचाला एकच काम दिलं. खिडकी उघडणाऱ्या त्या जर्मन मुलीला विचार: त्या दिवशी तुला राग आला होता का? तीन दिवस तिने टाळलं. चौथ्या दिवशी विचारलं. ती मुलगी गोंधळली. खिडकी तर आम्ही रोज उघडतो, म्हणाली. कडाक्याच्या थंडीतही पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडून हवा बदलायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. तिथे ही घरोघरची सवय आहे. बोलली का नाही? तर ऋचा आधीच ओशाळलेली दिसत होती, आणखी कशाला लाजवायचं, म्हणून. शिष्टाचार होता तो.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण किचनमध्ये ओळख काही होईना. मी तिला तिचा दिवस तासातासाने लिहायला लावला, तेव्हा कळलं. नागपुरात वडील दहाला दुकान वाढवून घरी येतात, पान वाढलं जातं आणि साडेदहाला ऋचाला फोन. सप्टेंबरात हे ठरलं तेव्हा तिच्याकडे सात वाजलेले असायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि आपले साडेदहा म्हणजे तिचे सहा झाले. त्याच दिवशी तिचा सूर्यास्तही तासभर अलीकडे सरकला. बाहेर काळोख, किचनमध्ये चौघं भाज्या चिरताहेत, गप्पा मारताहेत, आणि ऋचा दार लावून आईबाबांसमोर ब्रेड खाते आहे. रोज, तासभर. ती राहत होती जर्मनीत आणि संध्याकाळी जेवत होती इतवारीत.

ताईंना हे सांगणं सगळ्यात कठीण गेलं. “म्हणजे मी पोरीशी बोलू नको?”

“बोला ना ताई. वेळ बदला.”

दुपारी साडेबारा ठरले. तेव्हा तिथे सकाळचे आठ, ऋचा ट्रामकडे चालत असते. दहा-बारा मिनिटं. वडील दुकानातूनच कॉलमध्ये येतात, मागे गिऱ्हाईक भाव विचारत असतं, आणि ऋचा म्हणते की तो आवाजच तिला जास्त आवडतो. रविवारी मात्र निवांत बोलायचं, कारण तिथला रविवार फार रिकामा. जवळपास सगळी दुकानं बंद, रस्ते सामसूम. ज्या पोरीचा रविवार तर्री पोह्याच्या ठेल्यावर सुरू होतो, तिला ते झेपत नाही. मी वेळापत्रकं फारशी लादत नाही, पण रविवारचं लादते: शनिवारी सामान आणून ठेवायचं, सकाळी कपडे धुवायचे, दुपारी बाहेर चालून यायचं, मग फोन.

संध्याकाळी सहाला ती किचनमध्ये जायला लागली. फोडणी मंद आचेवर, मिरच्या शेवटी, पॅसेजचं दार बंद आणि खिडकी आधीच उघडी. जिवाभावाची मैत्रीण वगैरे कुणी झाली नाही, आणि एका सेमिस्टरमध्ये ती व्हावी अशी माझी अपेक्षाही नसते. कांदा चिरताना शेजारी कुणी उभं असणं पुष्कळ होतं. डिसेंबरात तिने चौघांना गोळाभात खाऊ घातला. दोघांनी दुसऱ्यांदा घेतला, एकाने पाणी मागितलं. प्रेझेंटेशनला १.७ मिळाले, तेव्हा वडिलांनी काळजीने फोन केला, “अगं, एकावर आली?” तिथे १ सगळ्यात वरचा आणि ४ म्हणजे काठावर पास, हे त्यांना समजावताना तिची ट्राम चुकली.

जानेवारीत ताई पुन्हा आल्या. ऋचा बरी आहे, गालावर मांस आलंय, कधी कधी साडेबाराचा फोन उचलत नाही, मेसेज टाकते. मी म्हटलं, मग आता काय?

त्या थोडा वेळ पदराचं टोक गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “साडेदहाला काय करू ते समजून नाही राहिलं मॅडम. हे जेवून झोपून जातात. मी तिचं ताट मांडत होते अजून, फोनच्या बाजूला. परवा ह्यांनी पाहिलं.”

मी डायरी उघडली. पुढच्या बुधवारची वेळ त्यांनी स्वतःच्या नावावर लिहायला सांगितली.