वाचकांचे प्रश्न : हिरवी स्क्रीन की ब्राउझर?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी मला एएस/४०० च्या, म्हणजे आयबीएमच्या व्यावसायिक संगणकाच्या, प्रोजेक्टवर टाकलं. क्लायंट अमेरिकेतला, सुट्या भागांचा घाऊक व्यापारी. आज त्यांची ऑर्डर एंट्री हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या जुन्या पडद्यावर चालते; ती आता त्यांना ब्राउझरमधून हवी आहे. मॅनेजर म्हणतात, सगळं जावात नव्यानं लिहू. टीममधले ज्येष्ठ सर म्हणतात, आरपीजीला (त्या मशीनवरची प्रोग्रॅमिंगची भाषा) हात लावायचा नाही, वरून वेबचं कातडं चढवा. कुणाचं ऐकू? आणि या जुन्या मशीनवर राहून माझं करिअर संपेल का? – एक वाचक, बाणेर

उत्तर : अगं, आधी ते ‘जुनं मशीन’ बघू. एएस/४०० बाजारात आलं १९८८ साली. नंतर त्याची इतकी बारशी झाली की आम्ही मोजणंच सोडलं. आज त्याला आयबीएम आय म्हणतात. त्याच मशीनवर नोड (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) चालतं, पायथन चालतं, आणि २०१५ पासून आरपीजीसुद्धा कॉलम न मोजता, म्हणजे ओळीत कोणतं अक्षर कितव्या जागी हे न बघता, लिहिता येतं. सहाव्या कॉलमात ‘सी’ टाकण्यात आमची उमेदीची वर्षं गेली, तुझी जाणार नाहीत. करिअरची चिंता मला फारशी वाटत नाही. आरपीजी वाचता येणारी आणि वेबही येणारी माणसं सहजासहजी मिळत नाहीत.

आता भांडण. मॅनेजरांचा बेत मला धोक्याचा वाटतो. त्या कोडमध्ये तीस वर्षांच्या सवलती, अपवाद, ‘या गिऱ्हाइकाला असंच लागतं’ असे करार मुरलेले असतात आणि ते दुसरीकडे कुठंही लिहिलेले नसतात. पण सरांचं कातडंही पुरणार नाही. चोवीस ओळी आणि ऐंशी कॉलमांची स्क्रीन जशीच्या तशी ब्राउझरमध्ये दाखवली, तर हिरवा रंग जातो, बाकी काही बदलत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हिरव्या स्क्रीनचा प्रोग्रॅम एक्सफॅमटीच्या (‘स्क्रीन दाखव आणि उत्तराची वाट बघ’ ही आज्ञा) ओळीवर येतो आणि थांबतो. समोरचा माणूस चहाला गेला तरी हा तिथंच उभा, बऱ्याचदा ऑर्डरचं रेकॉर्ड लॉक करून, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते बदलू न देता. वेबचं तसं नाही. पान पाठवलं की सर्व्हर मोकळा; तो माणूस परत येईल की टॅब बंद करेल, त्याला पत्ता नसतो. त्यामुळे रेकॉर्ड धरून ठेवता येत नाही. वाचताना त्यावरचा टाइमस्टँप (शेवटच्या बदलाची वेळ) सोबत न्यायचा आणि लिहिताना तो तोच आहे का बघायचं. बदलला असेल तर ‘मध्ये कुणीतरी ऑर्डर बदलली’ असं सरळ सांगायचं.

म्हणून पहिलं काम असं : त्या भल्यामोठ्या प्रोग्रॅममधून किंमत काढणं, उधारीची मर्यादा तपासणं, साठा राखून ठेवणं एवढं उचलून सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इतर प्रोग्रॅमना बोलावता येईल अशा वेगळ्या भागात, ने. हिरवी स्क्रीन तेच बोलावेल आणि वेबही तेच, स्टोअर्ड प्रोसिजरमधून (डेटाबेसमार्फत बोलावता येणारा प्रोग्रॅम). नियम एकाच जागी राहतो. सरांचा आरपीजी शाबूत आणि मॅनेजरांना हवं ते पान जावात करा, नोडमध्ये करा, मला फरक पडत नाही.

दोन खड्डे आत्ताच दाखवते. एक, गिऱ्हाइकाचं नाव ‘अनिल’ असेल आणि तुझ्या पानावर ‘सी१डी५सी९डी३’ उमटलं, तर घाबरू नकोस. मशीन एबसिडिकमध्ये (अक्षरांना आकडे देण्याची आयबीएमची पद्धत) विचार करतं आणि त्या फाइलचा सीसीएसआयडी, म्हणजे कोणती अक्षरपद्धत हे सांगणारा क्रमांक, ६५५३५ आहे. म्हणजे ‘ही अक्षरं नाहीत, हात लावू नका’. खरा सीसीएसआयडी द्यायचा किंवा डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये कास्ट करायचं, म्हणजे तिथं अक्षरांत रूपांतर करायचं. दोन, तारीख १२४०३१५ अशी दिसेल. पहिला एक म्हणजे दोन हजारनंतरचं शतक; ही झाली १५ मार्च २०२४. वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या) धावपळीतली आमची कर्तबगारी आहे ती, सांभाळून घे.

आणि माझी एक फजिती. एका औषध वितरकाकडे मी हौसेनं ऑर्डरचं वेबपान केलं होतं. लोगो, ड्रॉपडाऊन, सगळं. तिथल्या ऑर्डर घेणाऱ्या बाई डाव्या हातानं कागद दाबून धरायच्या, नजर कागदावर, आणि उजव्या हातानं कोड, फील्ड एक्झिट (पुढच्या रकान्यात नेणारी की), नग, फील्ड एक्झिट, खाली. स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. माझ्या पानावर त्यांना प्रत्येक औषधाला माऊस धरावा लागला, म्हणजे कागद सोडावा लागला. तिसऱ्या दिवशी त्या निमूटपणे हिरव्या स्क्रीनवर परत गेल्या. चूक माझीच होती, मी त्यांच्या शेजारी अर्धा तासही बसले नव्हते. तुझा क्लायंट अमेरिकेत आहे, तर निदान व्हिडिओ कॉलवर त्यांच्या ऑर्डर घेणाऱ्यांचे हात बघ. टॅब, एंटर आणि फंक्शन कीवर अख्खी ऑर्डर निघाली पाहिजे.

सर निवृत्त कधी होताहेत? त्याआधी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बस आणि ऑर्डर प्रोग्रॅममधला प्रत्येक इंडिकेटर (आरपीजीमधली चालू-बंद खूण) कधी पेटतो आणि का, ते वहीत उतरवून घे. सुरुवात त्यांना सांगायला सगळ्यात कंटाळा येईल त्या इंडिकेटरपासून कर.