तेरा आठवडे: एका तरुण स्पीच थेरपिस्टला पत्र

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. तुझं पहिलं ट्रॅव्हल काँट्रॅक्ट, म्हणजे एजन्सीमार्फत दुसऱ्या राज्यात जाऊन थोडे आठवडे करायचं काम: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गॅलप गावाजवळचं नर्सिंग होम, तेरा आठवडे, आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. रिक्रूटर घाई करणारच, त्याचं कामच ते. तू मात्र घाई करू नकोस. आधी हे पत्र वाच आणि मग काँट्रॅक्टचा कागद पुन्हा उघड.

तू क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे पदवीनंतरचं मेंटॉरच्या देखरेखीखालचं पहिलं काम, एकाच जागी पूर्ण केलीस, 36 आठवडे आणि 1260 तास, याचं मला खरंच समाधान आहे. तुझ्या वर्गातल्या दोघी पदवी हातात पडल्याबरोबर ट्रॅव्हलला गेल्या, मेंटॉर एका राज्यात आणि त्या दुसऱ्या. नियमात बसवता येतं, पण मला ते पटत नाही. पहिल्या वर्षी शेजारच्या खोलीत कुणीतरी जाणतं माणूस लागतं. आपलं काम नुसतं बोलण्याचं नाही, गिळण्याचंही आहे; जेवताना एखाद्या आजींचा आवाज अचानक ओला, घशात पाणी असल्यासारखा येऊ लागला, म्हणजे घास चुकीच्या वाटेने जातोय अशी शंका आली, तर धावत जाऊन कुणाला तरी बोलावून आणता आलं पाहिजे. ट्रॅव्हलर म्हणून जाशील तेव्हा बहुतेक वेळा त्या इमारतीतली एकटी स्पीच थेरपिस्ट तूच असशील. बोलवायला कुणी नसतं.

आता पैशाचं. आकडा बघून तुझे डोळे विस्फारले हे मेलमधूनही कळलं. तो आकडा दोन भागांचा असतो: तासाचा करपात्र दर, आणि राहण्या-जेवणाचा करमुक्त भत्ता. भत्त्यावर कर लागत नाही, कारण तुझं कायमचं घर दुसरीकडे आहे, त्याचा खर्च तू चालू ठेवला आहेस आणि इथे दुसरा खर्च तुझ्यावर पडतो आहे, असं धरलेलं असतं. ते घर नसेल, म्हणजे सामान मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये आणि पत्ता नुसता कागदावर असेल, तर सगळा भत्ता करपात्र होतो. आत्याकडची खोली, जिचं तू भाडं देत नाहीस, तीही सहसा चालत नाही. पन्नास मैलांच्या पलीकडे गेलं की भत्ता करमुक्त, असं कुणी ना कुणी सांगेलच. आयआरएसचा, म्हणजे इथल्या आयकर खात्याचा, असा नियम नाही. आणि एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त काळ राहायचं ठरलं, की त्या क्षणापासून ते काम तात्पुरतं धरलं जात नाही. ट्रॅव्हलरचे कर भरणारा जाणकार सीए आधी गाठ. करपात्र दर फार कमी ठेवलेला असेल तर महिन्याला हातात जास्त पडतं, पण सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनच्या खात्यात, कमी जमा होतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना बँक बहुधा करपात्र पगारच बघते. मला हे पाचव्या वर्षी कळलं.

कागदावर सगळ्यात आधी हमीचे तास शोध. वर 40 तास लिहिलेले असतात आणि हमी मात्र 32 ची. तेरा आठवड्यांत 104 तासांचा फरक पडतो, म्हणजे अडीच आठवड्यांहून जास्त पगार. रुग्ण कमी झाले की तुला दुपारी घरी पाठवतील, आणि तुझं भाडं तर चालूच राहील. मग नोटिशीचं कलम बघ. तू सोडलंस तर तीस दिवस आणि त्यांनी काढलं तर उद्यापासून, असं असेल तर सही करू नकोस, दुरुस्त करून माग. मागितलं तर पुष्कळदा मिळतं. आणि घर महिन्या-महिन्याच्या बोलीवरच घे.

लायसन्सचं तुला माहीत आहे: प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि मिळायला कधी तीन आठवडे, कधी तीन महिने. एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देणाऱ्या आंतरराज्य कराराला 2021 मध्ये दहा राज्यांचा कोरम मिळाला, पण आपल्याला हवं ते राज्य त्यात आहे का आणि तिथे प्रत्यक्षात काम सुरू झालंय का, हे दर वेळी राज्याच्या बोर्डाकडूनच तपास. ट्रान्सक्रिप्ट, प्रॅक्सिस परीक्षेचे गुण, सीसीसी या व्यावसायिक प्रमाणपत्राचं पत्र, टीबी टेस्ट, हेपटायटिस बीच्या लसीची नोंद, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षणाचं) कार्ड हे सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेव. (नायर हॉस्पिटलच्या कॉलेजातून किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून शिकलेल्या मुली मला विचारतात, आम्हालाही असं फिरता येईल का. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून येतं. एच-वन-बी व्हिसावर नोकरी मालकाशी आणि कामाच्या जागेशीही बांधलेली असते. दूरच्या शहरात जायचं तर आधी अर्ज बदलावा लागतो. मी स्वतः ती वर्षं एकाच इमारतीत काढली. कुणाला खोटी आशा लावू नकोस.)

इथवरचं कुणीही सांगेल. पुढचं फेलोशिपच्या वेळी तुला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

माझं दुसरं काँट्रॅक्ट एका छोट्या गावात होतं. तिथे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर शेती केलेले, न्यूमोनियातून नुकतेच उठलेले. साधं पाणी पिताना ठसका लागायचा, आवाज ओला व्हायचा. मी पाणी पावडर घालून घट्ट करून द्यायला सांगितलं, म्हणजे ते सावकाश उतरतं; आयडीडीएसआय या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या पातळीचं. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि खाटेशेजारी उभं राहून ते कळत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून बेरियमचा एक्स-रे, म्हणजे गिळलेलं कुठे जातं ते दाखवणारी बेरियम स्टडी, हवी होती. हॉस्पिटल दोन तासांवर. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. माझ्या मनात ते घट्ट पाणी फक्त त्या पंधरा दिवसांपुरतं होतं.

त्याच्या आतच रुग्ण कमी झाले. गुरुवारी दुपारी मला सांगितलं, उद्या तुझा शेवटचा दिवस. मी कागद पूर्ण केले. डिस्चार्ज समरीत एक ओळ लिहिली: बेरियम स्टडी करावी. आणि गाडीत सामान भरून निघाले. नर्सशी बोलले नाही. त्यांच्या मुलीला फोन केला नाही. मला पुढचं काँट्रॅक्ट शोधायचं होतं, डोक्यात भाड्याची चिंता होती.

आठ महिन्यांनी त्याच इमारतीत पुन्हा काम मिळालं. आजोबा त्याच खोलीत होते, टेबलावर तोच झाकणाचा कप, आत तेच घट्ट पाणी. गाडीची सोय कुणी केली नाही म्हणून ती अपॉइंटमेंट रद्द झाली होती. नंतर आलेल्या प्रत्येकाने माझा आदेश बघितला आणि पुढे चालू ठेवला. ते घट्ट पाणी त्यांना नको वाटायचं म्हणून ते पीतच नसत. मधल्या काळात दोनदा लघवीचा संसर्ग होऊन गेला होता. या वेळी मी स्वतः मागे लागून स्टडी करून घेतली. लहान घोटांनी साधं पाणी व्यवस्थित जात होतं. किती महिन्यांपासून जात होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी त्यांना गार पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी अर्धा ग्लास सावकाश संपवला आणि माझ्याकडे परत दिला. काही बोलले नाहीत. आपल्याकडे दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाणी विचारतात, आणि मी एका माणसाचं पाणी आठ महिने तोडलं होतं.

त्या दिवसापासून मी घातलेल्या प्रत्येक बंधनाला तारीख लिहिते. ‘घट्ट पाणी’ असं नुसतं कधीच लिहीत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत, तोवर पुन्हा तपासणी झाली नाही तर डॉक्टरांना कळवा’ असं लिहिते, आणि डॉक्टरांच्या ऑर्डरमध्येही तीच तारीख घालून घेते. पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक रुग्णाचं अर्धं पान चालू ठेवते, उद्याच मला काढलं तर पुढचीला लागेल म्हणून. काय सुरू आहे, का सुरू आहे, कशाची वाट बघतोय. चष्मा कुठल्या खणात आणि कोणत्या कानाला नीट ऐकू येतं तेही. त्याची एक प्रत युनिटच्या नर्सकडे. आणि घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगते, मी इथे थोडे दिवस आहे, हा प्रश्न माझ्यामागून तुम्ही विचारत राहा. आपण गेल्यावर त्या इमारतीत आठवण ठेवणारं माणूस बहुधा घरचंच असतं.

यात पैशाचाही एक धागा आहे, तो तुला कळायला हवा. 1 ऑक्टोबर 2019 पर्यंत मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, नर्सिंग होमला थेरपीच्या मिनिटांवर पैसे द्यायचं. तेव्हा दबाव असायचा, मिनिटं वाढव. त्या दिवसापासून पीडीपीएम ही पैसे देण्याची नवी पद्धत आली. आता रुग्णाची स्थिती बघून दर ठरतो, आणि दबाव उलटा झाला, मिनिटं कमी कर, दोघातिघांना एकत्र घे. स्पीचच्या वाट्याचा दर ज्या गोष्टींनी वाढतो त्यात गिळण्याची अडचण आहे आणि मऊ, वाटलेलं किंवा घट्ट केलेलं अन्नपाणीही आहे. म्हणजे कुणाचं अन्नपाणी साधं करून द्यायला तू निघालीस की त्याचा हिशोब दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर दिसतो. बहुतेक माणसं सरळ असतात, कुणी तुला उघड काही सांगणारही नाही. पण ‘एवढी घाई कशाला’ असं कानावर आलं तर थांबून विचार कर, ही घाई कुणाला नको आहे. ट्रॅव्हलरला वाटतं आपण पाहुणे, आपण कशाला बोला. मला उलट वाटतं. तुझी बढती तिथे अडकलेली नाही, तेरा आठवड्यांनी तू निघणारच आहेस. कायमची नोकरी असलेल्या बाईपेक्षा तुला बोलणं सोपं आहे.

म्हणून होकार देण्याआधी तिथल्या रिहॅब डिरेक्टरशी स्वतः फोनवर बोल. आधीची स्पीच थेरपिस्ट का गेली, हे विचार. बेरियम स्टडी कुठे होते? अल्बुकर्क तिथून सव्वाशे-दीडशे मैल आहे. तिथपर्यंत पेशंट नेतात का, की नाकातून कॅमेरा घालून तपासणारी फिरती टीम येते? प्रॉडक्टिव्हिटी, म्हणजे कामाच्या वेळातला थेट रुग्णांबरोबरचा वेळ, किती टक्के धरतात, आणि घरच्यांशी बोलण्याचा वेळ त्यात कुठे बसतो? या प्रश्नांना उत्तर देताना तो माणूस वैतागला, तर तेही उत्तरच समज.

आता गॅलपबद्दल. नवाहो नेशन तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तुझे बरेच रुग्ण नवाहो असतील आणि त्यातल्या वृद्धांची पहिली भाषा नवाहो असेल. न्यू जर्सीतल्या एडिसनला मी एका मराठी काकांना बघितलं होतं, पॅरालिसिसनंतर वाचा गेलेली. फाइलवर लिहिलेलं होतं की बुद्धीच फार मंदावली आहे. तपासणी सगळी इंग्रजीत झालेली. मी ‘बे एके बे’ म्हटलं आणि त्यांनी ‘बे दुणे चार’पासून वीसपर्यंत न अडखळता पाढा म्हटला. पाढे येतात म्हणजे वाचा शाबूत आहे असं नाही, सवयीचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकतं, हे तू शिकली आहेस. पण मग मी मराठीत साध्या सूचना दिल्या, आणि कळलं की त्यांना समजत जवळजवळ सगळं होतं. शब्द सापडत नव्हते. फाइलवरच्या त्या एका वाक्यामुळे कुणी त्यांच्याशी पूर्ण वाक्यात बोलतच नव्हतं.

स्मरणशक्ती आणि बुद्धी तपासणाऱ्या नेहमीच्या एसएलयूएमएस चाचणीत शिकागोत राहणाऱ्या एका शेअर दलाल बाईची गोष्ट ऐकवून प्रश्न विचारतात. जन्मभर मेंढ्या राखलेल्या आजींना ती गोष्ट इंग्रजीत ऐकवून त्यांना गुण देऊ नकोस. दुभाषी माग. घरातल्या नातीला दुभाषी करू नकोस, ती आजीची चूक झाकणार आणि आपल्याला कळणार नाही. आणि जपून बोल. ‘असंच पाणी प्यायलात तर न्यूमोनिया होईल’ हे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळ पारंपरिक नवाहो कुटुंबांत वाईट बोललं की ते ओढवतं असं मानतात. तुला हे समजावून सांगायची गरज नाही, तुझी आजी दिवेलागणीला ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो’ म्हणून गप्प करायची ना? तेच. धोका लपवायचा नाही, पण बोलण्याआधी विचारायचं की हे कसं सांगितलेलं तुम्हाला चालेल. ‘अशा आजारात काही माणसांना असं होतं’ अशा तिऱ्हाइताच्या वाटेने सांगता येतं.

एकटेपणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो येईल, साधारण चौथ्या आठवड्यात. गॅलप साडेसहा हजार फुटांवर आहे, बर्फ पडतं, टायर बघून घे. डाळ-तांदूळ आणि गोडा मसाला इथूनच ने. रोज कुणाशी तरी मराठीत दहा मिनिटं बोल. मी नसेन तर आईशी.

काँट्रॅक्टची पीडीएफ मला शनिवारी रात्रीपर्यंत पाठव. नोटिशीच्या आणि हमीच्या तासांच्या ओळी पिवळ्या करून ठेव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, दोघी मिळून वाचू, मग सोमवारी तू रिक्रूटरला फोन कर.

तुझी
मावशी