खरी प्रतिभा असेल तर माणूस गरिबीतूनही वर येतोच ना?

तुमचा प्रश्न असा आहे, की अंगात खरी कला असली की माणूस गरिबीतूनही वर येतो, मग कारखान्यांच्या काळातल्या कथा-कादंबऱ्यांत कामगार कलावंताची माती झालेलीच का दाखवतात? लेखक उगाच रडवतात का?

मला तसं अजिबात वाटत नाही. त्यासाठी एकच कथा सांगतो: रिबेका हार्डिंग डेव्हिस यांची 'लाइफ इन द आयर्न मिल्स'. अमेरिकेच्या 'अटलांटिक मंथली' मासिकात ती एप्रिल १८६१ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय छापून आली. त्याच महिन्यात तिकडे यादवी युद्ध पेटलं. लेखिका तेव्हा तिशीच्या आतली, व्हीलिंग नावाच्या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात राहणारी. कथेतला धूर आणि काजळी तिच्या घराबाहेरचीच.

ह्यू वुल्फ हा वेल्समधून आलेला भट्टीवरचा कामगार. क्षयाने खंगलेला. लोखंड काढून घेतल्यावर एक टाकाऊ पदार्थ उरतो, हलका, सच्छिद्र, माणसाच्या कातडीसारख्या फिकट रंगाचा. कामगार त्याला कॉर्ल म्हणतात. कामातून जरा उसंत मिळाली की ह्यू बोथट सुरीने त्यातून मूर्ती कोरत बसतो. एकेका मूर्तीवर महिने घालवतो आणि मनासारखी उतरली नाही तर फोडून टाकतो. शिकवणारं कोणी नाही. सोबतचे कामगार त्याला बायकी म्हणून चिडवतात.

एका पावसाळी रात्री मालकाचा मुलगा कर्बी काही पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणतो. अंधारात समोर एक बाई जमिनीवर दबकून बसलेली पाहून ते दचकतात. ती कॉर्लची असते. कष्टाने राठ झालेलं दणकट अंग, पसरलेले हात, चेहऱ्यावर कसलीतरी विलक्षण आस. पाहुण्यांतले डॉक्टर मे ह्यूला विचारतात, यातून तुला काय म्हणायचंय? तो म्हणतो, तिला भूक लागलीय. डॉक्टर त्याची चूक काढतात: अंग तर धडधाकट दिसतंय, उपासमारीची खूण कुठाय? ह्यू अडखळत सांगतो, भूक अन्नाची नाही. जगता येईल असं काहीतरी तिला हवंय, तुमच्यासारखं.

कथेचा जीव मला यापुढच्या संभाषणात दिसतो. डॉक्टर त्याला प्रेमाने सांगतात, तुझ्यात मोठा शिल्पकार व्हायची ताकद आहे, तो तुझा हक्क आहे. ह्यू सरळ विचारतो, मग मदत कराल? डॉक्टर म्हणतात, माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. कर्बीकडे आहेत, पण कामगारांचं पुढं काय होतं ही आपली जबाबदारी आहे असं त्याला वाटतच नाही. तिसरा मिचेल, पाहुण्यांपैकीच एक. मूर्ती खऱ्या अर्थाने कळलेली असते ती त्यालाच, आणि तोही काही करत नाही. म्हणजे प्रतिभा कोणाला दिसलीच नाही, असं इथे झालेलं नाही. पारखी माणसं भट्टीपर्यंत चालत आली, त्यांनी तोंडावर कौतुक केलं आणि बग्गीत बसून घरी गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळतं.

ह्यूच्या नात्यातली डेबोरा हे सगळं ऐकत असते. कापडगिरणीत बारा तास राबून ती त्याच्यासाठी जेवण घेऊन आलेली असते. तिचा त्याच्यावर जीव आहे. तो तिच्याशी मायेने वागतो, पण सौंदर्याला चटावलेली त्याची नजर तिच्या कुबडापासून मागे सरते आणि तिला ते कळतं. लेखिकेने ह्यूला देवमाणूस केलेलं नाही, म्हणून मी तिला फार मानतो. डेबोरा मिचेलचा खिसा मारते आणि पैसे ह्यूच्या हातात देते. तो ते परत करायचं ठरवतो, दिवसभर मनाशी झगडतो आणि शेवटी ठेवून घेतो. मग चोरीसाठी पकडला जातो आणि शिक्षा होते १९ वर्षं सक्तमजुरीची. डॉक्टर मे सकाळच्या न्याहारीला ती बातमी बायकोला वाचून दाखवतात. आपण त्याच्याशी इतकं चांगलं वागलो आणि त्याच वेळी हा मित्राचा खिसा कापत होता, याचा त्यांना संताप येतो. हे वाचताना दर वेळी मला डॉक्टरांची चीड येते. पुढे ह्यू तुरुंगातच जीव देतो.

आता तुम्ही म्हणाल, मग अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे कसे वर आले? दोघांनीही मुंबईच्या गिरण्यांत काम केलेलं. पण अण्णा भाऊंच्या मागे कामगार चळवळ होती, १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर उभं केलेलं लाल बावटा कलापथक होतं, समोर जीव ओतून ऐकणारे गिरणगावातले हजारो लोक होते. सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' हे कवितांचं पुस्तक १९६६ चं, तेही त्याच कामगारवस्तीतून आलेलं. त्यांची प्रतिभा मोठी होतीच, पण ती पेलून धरणारी माणसं त्यांच्यासारखीच कष्टकरी होती. ह्यूच्या वाट्याला तसं कोणीच नव्हतं. आणि गिरणगावातही असे किती जण बॉबिनी भरता भरता संपले, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचायला मार्गच नव्हता. वर आलेल्यांची उदाहरणं देताना एवढं ध्यानात ठेवा.

कथा मूळ इंग्रजीतून जरूर वाचा. इतकी जुनी आहे की कॉपीराइटचा प्रश्न नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळते. सुरुवातीचं वर्णन जरा जड जातं आणि कामगारांची बोली अडखळवते, पण पाहुणे कारखान्यात येईपर्यंत तरी सोडू नका.