एनईएसवरचा (म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती गेम कन्सोलवरचा) 'कॉन्ट्रा' आज खेळायला कसा वाटतो?

अजूनही झकास, फक्त दयामाया शून्य. कोनामी कंपनीने १९८७ मध्ये आर्केडसाठी (नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी) काढलेला हा गोळीबाराचा गेम पुढच्या वर्षी एनईएसवर आला, आणि माझ्या मते कन्सोलवरचाच सरस. बटण दाबताक्षणी उडी, शिवाय हवेत असतानाही दिशा बदलता येते. त्यामुळे मेलात तर चूक बहुतेक वेळा तुमचीच. एका गोळीत खेळ खल्लास, वर मिळवलेली बंदूकही जाते. 'एस' अक्षराची स्प्रेड गन मिळाली की जिवापाड जपा; एकदम पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि अर्धा स्क्रीन साफ. ती गेली की बॉससमोर, म्हणजे लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसमोर, साध्या बंदुकीने अगदी केविलवाणं वाटतं.

दोघांनी खेळलात तर खरी धमाल. पण तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यावर भांडण ठरलेलं: एक जण भराभर वर चढला की स्क्रीन वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. शत्रूच्या तळांच्या आतल्या लेव्हल्स मात्र रटाळ आहेत.

तीन लाइफ पुरत नसतील तर टायटल स्क्रीनवर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए दाबून स्टार्ट करा. तीस मिळतात. लाजू नका, सगळेच वापरतात.