हिवाळी अधिवेशनात आमदारांना निवेदन दिलं तर न्यायाधीशावर कारवाई होते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा चार वर्षं पडून आहे, तारखेवर तारीख मिळते, न्यायाधीश भर कोर्टात वकिलाला टाकून बोलतात. डिसेंबरात अधिवेशन आहे, तर आमदारांना निवेदन द्यावं, सरकारने कायदा करून न्यायाधीशांना शिस्त लावावी, नाहीतर पगार रोखावा. यातून काही निघेल का?

निवेदनातून काही निघणार नाही. उलट त्यात एक धोका आहे, तो पुढे सांगतो.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या न्यायाधीशांवर नियंत्रण कोणाचं, हे संविधानाच्या अनुच्छेद 235 मध्येच लिहिलेलं आहे: उच्च न्यायालयाचं. पश्चिम बंगाल सरकारने नृपेंद्रनाथ बागची या अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची परस्पर चौकशी करून त्यांना बडतर्फ केलं होतं. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नियंत्रणात शिस्तभंगाची कारवाईही येते, सरकारने तिथे हात घालायचा नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. आपल्याकडे सेवेचे नियम, म्हणजे 2008 चे महाराष्ट्र न्यायिक सेवा नियम, राज्यपालांच्या नावाने निघतात, तेही उच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन. चौकशीची पद्धत इतर सरकारी नोकरांसारखीच आहे, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 मधली. फक्त दोषारोपपत्र मंत्रालयातून येत नाही, उच्च न्यायालयाकडून येतं. बडतर्फीच्या आदेशावर राज्यपालांची सही असते खरी, पण ते उच्च न्यायालयाच्या शिफारशीने बांधलेले असतात.

पगार रोखण्याचं तर विसराच. पैसे राज्याच्या तिजोरीतून जातात, पण किती जायचे हे विधानसभा ठरवत नाही. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 27 जुलै 2022 रोजी मान्य केल्या आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू केल्या. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन त्यात 77,840 रुपये आहे, जिल्हा न्यायाधीशाचं 1,44,840. थकबाकीचे हप्तेसुद्धा न्यायालयाने बांधून दिले: आधी 25 टक्के, मग 25, उरलेले 50 टक्के 30 जून 2023 पर्यंत. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन, महिना 2,25,000, संसदेच्या 1954 च्या कायद्याने ठरतं. राज्याच्या अर्थसंकल्पात ते ‘भारित’ खर्चात दिसतं, म्हणजे त्यावर आमदारांचं मतदानच होत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. पहिलं काम म्हणजे नक्कल विभागात अर्ज करून दाव्याच्या रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढणं. ती घेऊन शांतपणे बसा आणि प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलने लिहा: तारीख कोणी मागितली? वादीने, प्रतिवादीने, की न्यायाधीश रजेवर होते? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 नियम 1 प्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षाला साधारणपणे तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत. अर्ध्याअधिक तारखा तुमच्याच वकिलांनी घेतलेल्या निघाल्या (आणि हे फार वेळा निघतं), तर विलंबाची तक्रार तिथेच संपली. उच्च न्यायालयात ती गेली तरी पहिल्यांदा हाच रोजनामा उघडला जाणार.

दुसरी गल्लत निकाल आणि वर्तन यांची होते. आदेश चुकला असेल तर त्याला अपील आहे: जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस, नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळून. चुकीचा आदेश म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. 2019 च्या कृष्णप्रसाद वर्मा प्रकरणात जामीन दिल्याबद्दल न्यायाधीशावर झालेली कारवाई याच कारणाने रद्द झाली. ‘साहेबांनी पुरावा बघितलाच नाही’ अशा वाक्याने सुरू होणारी तक्रार म्हणूनच दप्तरी दाखल होते, म्हणजे कारवाई न होता बंद होते.

वर्तनाची तक्रार करायचीच असेल तर ती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे करा. सोबत शपथपत्र हवंच. 2014 मध्ये सरन्यायाधीशांनी सगळ्या उच्च न्यायालयांना कळवलं होतं की कनिष्ठ न्यायालयांच्या न्यायाधीशांविरुद्ध शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा नसलेल्या तक्रारींवर पुढे जाऊ नये. निनावी पत्र, ‘समस्त पक्षकार’ अशा सहीचं पत्र, यांचा काही उपयोग नाही. दोन पानांत मावेल एवढंच लिहा: दाव्याचा क्रमांक, 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक), कोर्ट हॉलचा क्रमांक, तारीख, वेळ, नेमके शब्द, तेव्हा हजर असलेल्या दोघातिघांची नावं. ‘नेहमी अपमान करतात’ या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. ‘अमुक तारखेला सव्वाबाराच्या सुमारास, उलटतपासणी चालू असताना, असं म्हणाले’ यावर खुलासा मागवता येतो. नोटरीसमोर शपथपत्र करा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती आणि एक झेरॉक्स जपून ठेवा. पुढे आधी गोपनीय चौकशी होते, मग न्यायाधीशांचा खुलासा मागवतात, तथ्य दिसलं तरच विभागीय चौकशी. प्रत्येक टप्पा तुम्हाला कळवला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता तो धोका. न्यायालय अवमान अधिनियम 1971 चं कलम 6 तक्रारदाराला संरक्षण देतं: कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने केलेलं विधान अवमान ठरत नाही. पण कोणाकडे केलेलं? दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे, एवढंच. या यादीत आमदार नाहीत, विधी व न्याय मंत्री नाहीत, अधिवेशनाच्या काळातला यशवंत स्टेडियमवरचा धरणे मंडप नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तर नाहीच. तोच मजकूर रजिस्ट्रार जनरलकडे गेला तर तुम्ही तक्रारदार. त्याची प्रत चार ठिकाणी वाटलीत तर हे कलम तुमच्या पाठीशी नाही. अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते निवेदन न देण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्तींबद्दल तर विधानसभेत चर्चाही करता येत नाही, अनुच्छेद 211 ने ती बंद आहे. त्यांची तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा सरन्यायाधीशांकडे जाते. पदावरून काढायचं तर संसदेत प्रस्ताव लागतो आणि तो दाखल व्हायलाच लोकसभेचे 100 किंवा राज्यसभेचे 50 खासदार लागतात.

पैसे मागितले जात असतील तर आधी नीट बघा मागतंय कोण. पुष्कळदा न्यायाधीशांना त्याची खबरही नसते, मागणारा बेलीफ किंवा कारकून असतो. त्याची तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे करा, किंवा पैसे देण्याआधी 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. दिल्यानंतर केलेल्या फोनवर सापळा लावता येत नाही.

आणि तुम्हाला न्यायाधीशांना धडा शिकवण्यापेक्षा दावा मार्गी लागायला हवा असेल, तर शपथपत्राचा खटाटोप बाजूला ठेवा. त्याच कोर्टात लवकर सुनावणीचा अर्ज द्या. वादी ज्येष्ठ नागरिक असेल तर वयाचा पुरावा जोडा. अर्ज नामंजूर झाला किंवा नुसताच पडून राहिला, तर नागपूर खंडपीठात अनुच्छेद 227 खाली (उच्च न्यायालयाचा कनिष्ठ न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार) याचिका करून ठरावीक मुदतीत दावा निकाली काढण्याचा आदेश मागता येतो. याचिकेला तोच रोजनामा जोडायचा, पेन्सिलच्या खुणा न केलेली प्रत.